शेडपर्यंत गॅस न्यायचा, पण कोणत्या पाइपने?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरामागच्या अंगणात, स्वयंपाकघरापासून सुमारे ४५ फुटांवर, सासऱ्यांच्या हातमागाची जुनी शेड आहे. माग बंद होऊन बरीच वर्षे झाली. आता तिथे त्या आणि शेजारच्या चार जणी मिळून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तयार करतात व दुकानांना पुरवतात. शेडमध्ये कमी दाबावर चालणाऱ्या तीन मोठ्या शेगड्या असून प्रत्येकीला ताशी अर्धा किलो गॅस लागतो, असे विक्रेत्याने सांगितले आहे. सिलिंडर आजवर शेगड्यांच्या शेजारीच असत. उन्हाळ्यात एकदा रबरी नळी धगीने मऊ पडलेली दिसली, तेव्हापासून सिलिंडर घरात ठेवून जमिनीखालून शेडपर्यंत पक्की लाइन न्यावी, असे त्यांच्या मनात आहे.

पाइप कोणता, यावर चार जणांची चार मते पडली आहेत. नळकाम करणारे कारागीर सीपीव्हीसी (पाण्याच्या नळांसाठीचा कडक प्लास्टिकचा पाइप) सुचवतात, कारण तो गंजत नाही. दिरांकडे एसीच्या कामातून उरलेली तांब्याची नळी आहे. हार्डवेअरचे दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, सांगतात. शेजाऱ्यांच्या मते रस्त्याखाली पुरतात तो पिवळा प्लास्टिकचा पाइप सर्वांत चांगला. सासूबाईंचे पाइपविषयी काही म्हणणे नाही. मागाचे दोन खड्डे फळ्यांनी झाकलेले आहेत, ते बुजवू नयेत एवढाच त्यांचा आग्रह आहे. संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा भरते आणि भोगीला बाजरीच्या भाकरीची मागणी वाढते, त्याआधी काम पूर्ण व्हावे, अशी पत्रलेखिकेची इच्छा आहे.

ताई,

सर्वांत आधी त्या मऊ पडलेल्या नळीविषयी. तुम्ही ती बदलली की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. बदलली नसेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि आजच नवी नळी आणा. नळीवर आय.एस. ९५७३ हा मानक क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष छापलेले असले पाहिजे, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळीच घ्यावी, तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त असू नये, ती शेगडीच्या मागून किंवा तव्याखालून जाऊ नये, आणि चांगली दिसत असली तरी पाच वर्षांनी ती बदलावी. पक्की लाइन केव्हा होईल ती होईल. तोवर पाच जणींचा जीव या नळीवर अवलंबून आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. तुम्ही विचारले आहे की गॅस घरातून शेडपर्यंत कोणत्या पाइपने न्यावा. मला मात्र तुमचे पत्र वाचताना पुन्हा पुन्हा वाटत राहिले की, गॅस घरातून शेडपर्यंत न्यायची गरजच काय? सिलिंडर शेगडीपासून दूर असावा, ही तुमची जाणीव अगदी योग्य आहे. पण ‘शेगडीपासून दूर’ याचा अर्थ ‘घरात’ असा होत नाही. शेडच्या भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत, सावलीला, एक छोटा ओटा बांधून त्यावर जाळीच्या दारामागे सिलिंडर उभे ठेवले आणि भिंतीतून पाइप आत घेतला, तर ४५ फुटांची लाइन पाच-सहा फुटांवर येते. लाइन जितकी लांब, तितके तिचे सांधे जास्त. तिच्यावर फावडे पडण्याची, मोटारसायकल घासण्याची, कोणी तिला दोरी बांधून कपडे वाळत घालण्याची शक्यताही तितकी जास्त. चारही सल्लागारांनी तुम्हाला पाइपचे नाव सांगितले, पण अंतर कमी करा असे कोणी म्हटले नाही, याचे मला वाईट वाटते.

सिलिंडर घरात ठेवण्याला माझी आणखी एक हरकत आहे. तीन शेगड्या एकाच वेळी पेटल्या तर ताशी दीड किलो गॅस लागेल. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेकडून घेतो. त्यामुळे एका सिलिंडरमधून सलग किती गॅस निघेल याला मर्यादा असते. १९ किलोच्या सिलिंडरमधून ताशी साधारण अर्धा ते पाऊण किलो एवढीच सलग अपेक्षा धरावी. अधिक ओढले की सिलिंडरच्या अंगावर दव धरते, दाब उतरतो, आच मंदावते आणि सिलिंडर संपला असा गैरसमज होऊन कोणीतरी तो आडवा करते किंवा गरम पाण्यात ठेवते, जे कधीही करू नये. म्हणजे तुम्हाला दोन-तीन सिलिंडर एका मॅनिफोल्डवर, म्हणजे अनेक तोंडांच्या एकाच पाइपवर, एकत्र जोडावे लागतील आणि बदलण्यासाठी आणखी काही हाताशी ठेवावे लागतील. एवढा साठा, जिथे रात्री घरची माणसे झोपतात त्या छपराखाली आणणे म्हणजे शेडमधला धोका घरात आणणे होय.

इथेच एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. तुमच्या पत्रावरून असे वाटते की शेडमध्ये १४.२ किलोचे घरगुती लाल सिलिंडर वापरले जात असावेत. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण नियंत्रण आदेशाने मनाई आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. दोन भाकरी जास्त भाजून शेजाऱ्यांना देता देता व्यवसाय केव्हा उभा राहतो, हे करणाऱ्याला कळतही नाही. पण आता पाच जणी काम करतात आणि दुकानांना माल जातो, तेव्हा वितरकाकडे व्यावसायिक जोडणीचा अर्ज करा. गॅस महाग पडेल हे खरे. त्याबरोबर वितरकाकडून जागेची पाहणी होईल, सिलिंडर कुठे ठेवायचे, गटार, चेंबर, दार-खिडक्या आणि विजेच्या बोर्डापासून किती अंतर सोडायचे हे आय.एस. ६०४४ या मानकानुसार मोजून ठरेल, आणि काम करणारा माणूस जबाबदार असेल.

एवढे करूनही काही कारणाने लाइन लांबवरच न्यावी लागली तर? शेडच्या बाहेर एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत असेल, सिलिंडर ठेवायला नियमात बसणारी जागाच नसेल, किंवा तुमच्या गल्लीत पाइपचा नैसर्गिक वायू आला असेल आणि मीटर घराच्या दर्शनी भिंतीवर असेल, तर अंगण ओलांडावेच लागेल. आणि पाच फुटांच्या तुकड्यासाठीसुद्धा पाइप तर निवडायचाच आहे. म्हणून चारही सल्ल्यांचा विचार करू.

या सल्ल्यांमागे एक गृहीत आहे की गॅसचा पाइप ‘मजबूत’ हवा. मजबूत म्हणजे नक्की काय? तुमच्या कमी दाबाच्या शेगडीला गॅस लागतो तो दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम दाबाने, म्हणजे बादलीत वीतभराहून थोड्या अधिक, ३० सेंटिमीटर उंच पाण्याचा तळाशी जेवढा दाब असेल, तेवढ्याने. हा दाब फारच थोडा आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी पेलणारा कोणताही पाइप तो सहज पेलेल, आणि म्हणूनच नळकाम करणाऱ्या सज्जन माणसाला मनापासून वाटते की पाण्याला चालते ते गॅसला चालेलच. पण गॅसच्या पाइपची परीक्षा दाबाने होत नाही. आग लागली तर तो किती वेळ टिकेल, त्याचे सांधे वीस वर्षांनी कसे असतील, उन्हात त्याचे काय होईल आणि ठोकर लागली तर तो वाकेल की फुटेल, हे पाहावे लागते.

या कसोटीवर सीपीव्हीसी पहिल्या पायरीवरच बाद होतो. तो पाण्यासाठी बनवलेला आहे. जवळ आग लागली की तो मऊ होऊन गळतो आणि नेमक्या त्याच वेळी आगीला गॅसचा पुरवठा सुरू करतो. उन्हाने कालांतराने ठिसूळ होतो. त्याचे सांधे चिकटद्रव्याने जोडलेले असतात. तो गंजत नाही हे कारागिराचे म्हणणे खरेच आहे, परंतु न गंजणे हा इथे निर्णय करणारा गुण नाही. यूपीव्हीसी आणि काळा शेतीचा पाइप यांनाही हेच लागू आहे. याबाबत कोणाचीही भीड धरू नका.

दिरांच्या तांब्याच्या नळीविषयी थोडे अधिक सांगावे लागेल, कारण तांबे हा गॅससाठी वाईट धातू मुळीच नाही. घरात भिंतीवरून नेण्यासाठी तांब्याची नळी रीतसर वापरतात; ती वाकवता येते, त्यामुळे सांधे कमी होतात. मात्र तिचे सांधे ब्रेझिंगने, म्हणजे ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळणाऱ्या मिश्रधातूने, जोडलेले हवेत. साध्या डागकामाचे कथील सुमारे २३० अंशांपुढे पातळ होते, तेव्हा आगीत ते सांधे सुटतात. दिरांच्या नळीची अडचण तिच्या व्यासात आणि इतिहासात आहे. उरलेली नळी कुठे मुडपली होती, कुठे चेपली होती, आत किती तेल राहिले आहे, हे कोणाला माहीत? आणि मुख्य म्हणजे ती बारीक असते. गॅस वाहताना पाइपमध्ये दाब घटतो, आणि ही घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास निम्मा केला तर तेवढाच गॅस नेताना दाबातली घट बत्तीसपट होते. तुमच्या तीन शेगड्यांसाठी, वळणे धरून २० मीटरच्या लाइनचा ढोबळ हिशेब मी केला. आतून ८ मिलिमीटर असलेल्या नळीत तीसपैकी सुमारे दहा-बारा भाग दाब वाटेतच जातो, तर अर्ध्या इंची जीआय पाइपमध्ये तो एका भागाच्या आतच राहतो. बारीक नळी घातली असती, तर तिसरी शेगडी पेटवल्यावर पहिल्या दोघींची आच खाली बसली असती आणि भाकरी कडक होण्याऐवजी चिवट झाली असती. शिवाय उघड्या अंगणातून गेलेले तांबे चोरीला जाते, आणि चोर कापण्याआधी गॅस बंद करत नाही. दिरांना दुखवू नका. नळी एसीच्याच कामी येईल असे सांगा.

उरला जीआय, आणि माझा कौल त्यालाच आहे, पण ‘जीआय’ एवढे म्हणून भागत नाही. आय.एस. १२३९ प्रमाणे हा पाइप तीन जाड्यांत मिळतो आणि ओळखण्यासाठी त्यावर रंगाचा पट्टा असतो: हलक्याला पिवळा, मध्यमला निळा, जाडला लाल. इथे एक मोठी फसगत होते. गॅसचा रंग पिवळा म्हणून पिवळ्या पट्ट्याचा पाइप गॅसचा, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो तिन्हींतला सर्वांत पातळ. अर्ध्या इंची पाइपचा पत्रा हलक्या वर्गात २ मिलिमीटर, मध्यम वर्गात २.६ आणि जाड वर्गात ३.२ मिलिमीटर असतो. सांध्यासाठी आटे पाडताना त्यातला सुमारे १.१६ मिलिमीटर पत्रा कापला जातो. म्हणजे आट्यांच्या तळाशी हलक्या पाइपमध्ये मिलिमीटरभरसुद्धा धातू उरत नाही, जाड पाइपमध्ये दोन मिलिमीटर उरतो. पाइप गंजतो तो आधी इथेच, कारण कापताना जस्ताचा थरही गेलेला असतो. अंगणातल्या कामाला लाल पट्ट्याचाच पाइप घ्या. पुढे-मागे शेगड्या वाढणार असतील तर अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच घ्या. किमतीतला फरक पाइप पुन्हा उखडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

सांध्यांकडे स्वतः उभे राहून लक्ष द्या. आपल्याकडे नळकामात आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावण्याची जुनी रीत आहे. पाण्याच्या पाइपमध्ये ते सूत ओले राहून फुगते आणि सांधा घट्ट धरते. गॅस कोरडा असतो. काही वर्षांत सूत वाळते, आक्रसते आणि सांधा सुटतो. गॅससाठी चालणारी जाड टेफ्लॉन टेप किंवा गॅससाठीचेच सीलंट वापरायला सांगा. साधे रबरी वायसरही नकोत, कारण एलपीजीने नैसर्गिक रबर खराब होते. नायट्राइल रबराचे मागा. कारागिराला हे सांगताना संकोच वाटेल, पण ज्याला काम येते त्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

पाइप जमिनीखाली घालायचा की वर? तुम्ही खाली म्हणता, कारण तो दिसणार नाही आणि पायांत येणार नाही. मला उलट वाटते. दिसणारा पाइप गंजला तर कळतो, त्याला धक्का बसला तर कळतो, त्यावर साबणाचे पाणी लावून पाहता येते. पुरलेल्या जीआय पाइपचे काय चालले आहे, हे वास येईपर्यंत कळत नाही. त्यातून आपली माती काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या दरवर्षीच्या हालचालीत ताठ पाइपचे सांधे ओढले जातात. ओल धरून ठेवणारी ही माती लोखंडाला लवकर खाते. म्हणून पाइप कंपाउंडच्या भिंतीवरून, जमिनीपासून उंच, दर दीड-दोन मीटरवर क्लॅम्प बसवून, पिवळा रंग देऊन न्यावा. क्लॅम्प पाइपला आवळून धरणारे नकोत. सोलापुरात पहाटेचा गारवा आणि दुपारचे तापलेले लोखंड यांत वर्षभरात ४० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने १४ मीटरचा पाइप साडेसहा मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो ताण एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, येतो. दोन वळणे घेतली की हे आपोआप साधते. भिंतीतून जाताना पाइपभोवती मोठ्या पाइपची बाही ठेवावी. दोन्ही टोकांना, भिंतीच्या बाहेरच, हाताला सहज येईल असा एकेक बॉल व्हॉल्व्ह असावा. आणि या पाइपला विजेचे अर्थिंग कोणी जोडणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

शेजाऱ्यांनी सुचवलेला पिवळा पाइप मध्यम घनतेच्या पॉलिथिनचा, आणि शहरांत नैसर्गिक वायूच्या जाळ्यासाठी तो खरोखर उत्तम ठरला आहे. तो गंजत नाही, मातीबरोबर थोडा वाकतो, आणि मोठ्या भेंडोळ्यात मिळत असल्याने अंगणाखाली एकही सांधा न ठेवता जातो. शेजाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. पण या पाइपच्या अटी कडक आहेत. तो फक्त जमिनीखालीच राहिला पाहिजे. ऊन त्याला सोसत नाही आणि इमारतीच्या आत तो चालत नाही. वर येण्याआधी त्याचे धातूच्या पाइपमध्ये रूपांतर करणारी खास जोडणी लागते, सांधे विजेवर चालणाऱ्या यंत्राने वितळवून जोडतात, खाली-वर वाळू घालून गॅस कंपन्या तो साधारण मीटरभर खोल पुरतात आणि वर इशाऱ्याची पट्टी अंथरतात. हे काम यंत्र आणि प्रशिक्षण असलेल्याचे आहे. बाजारात दिसणारा प्रत्येक पिवळा पाइप हा नव्हे, अंगावर आय.एस. १४८८५ छापलेले नसेल तर घेऊ नका. तुमच्याकडे नैसर्गिक वायू येणार असेल आणि कंपनीच आपल्या माणसांकडून अंगणाखालून हा पाइप टाकून देणार असेल, तर आनंदाने होकार द्या. त्यासाठी घरगुती कारागिराला खड्डा खणायला लावू नका. नैसर्गिक वायूत उष्णता एलपीजीच्या तुलनेत घनफळामागे निम्म्याहून कमी असते, तेव्हा तेवढ्याच आचेसाठी सुमारे अडीचपट वायू वाहून न्यावा लागतो आणि शेगड्यांचे जेटही (गॅस सोडणारी बारीक छिद्रे) बदलावे लागतात, हेही ध्यानात ठेवा.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत अस्वस्थ केले तिच्याकडे येतो. पत्रात तुम्ही मागाच्या दोन खड्ड्यांचा उल्लेख अगदी शेवटी, सासूबाईंच्या हट्टाचा म्हणून केला आहे. माझ्या मते तुमच्या शेडमधली ती सर्वांत धोक्याची जागा आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागेत साचतो. विणकराने पाय सोडून पायट्या चालवण्यासाठी खणलेला खड्डा समजा चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल आहे. हवेत दोन टक्के एलपीजी मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकते. हिशेब केला तर तुमच्या त्या एका खड्ड्यासाठी साधारण ४० ग्रॅम गॅस पुरतो, आणि तुमच्या सिलिंडरमध्ये १४,२०० ग्रॅम असतो. वर फळ्या आहेत, म्हणजे वारा आत जाणार नाही. वरून चालणाऱ्यांच्या नाकाला वासही उशिरा लागेल. पाइप तांब्याचा घेतला की लोखंडाचा, यापेक्षा हे खड्डे बुजवले की नाही, याने तुमची सुरक्षितता जास्त ठरणार आहे.

सासूबाई नाही का म्हणतात, हे मी समजू शकतो. त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाने घर उभे केले. त्यांच्या दृष्टीने तो खड्डा बुजवणे म्हणजे ती जागाच पुसून टाकणे आहे. त्यांच्याशी गॅसचा विषय काढून वाद घालू नका. सासऱ्यांचा धोटा, फणी, जे काही उरले असेल ते त्यांच्याच हातून भिंतीवर नीट लावून घ्या. खड्डे भरल्यावर वर फरशी बसवताना त्या दोन चौकटी वेगळ्या रंगाच्या फरशीने दाखवा, म्हणजे माग कुठे होता ते नातवंडांनाही कळेल. आणि मग त्यांना सांगा की त्या जागेवर आता पाच बायका उभ्या राहून काम करणार आहेत. मला वाटते त्या ऐकतील.

खड्ड्यांबरोबरच भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीला लागून, समोरासमोरच्या भिंतींत जाळीचे झरोके काढा. मागाच्या शेडमध्ये उजेडासाठी खिडक्या उंचावर असतात. धूर आणि उष्णता जायला त्या चांगल्या, पण जड गॅस त्यांतून बाहेर पडत नाही. दाराला उंच उंबरठा असेल तर तो काढा. गॅस ओळखणारा अलार्म बसवणार असाल तर एलपीजीसाठी तो जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा. छताजवळ लावलेला उपयोगाचा नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने तो घेतला तर हेच उलटे होते, आणि झरोका व अलार्म वर लागतात.

लाइन पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा तुमच्यासमोर व्हावी. शेगड्या आणि रेग्युलेटर सुटे करून पाइपमध्ये हवा किंवा नायट्रोजन भरतात आणि दाब टिकतो का ते पाहतात. वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन यासाठी कोणी आणला तर त्याला ताबडतोब थांबवा. बंद पाइपमध्ये ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र येणे प्राणघातक ठरू शकते. ही परीक्षा सूर्य उगवण्याआधी किंवा ढगाळ वेळी घ्यावी. पाइपमधली हवा एक अंशाने तापली तरी दाब पाण्याच्या साधारण साडेतीन सेंटिमीटरइतका वाढतो, आणि उन्हाने वाढलेला दाब बारीक गळतीने घटलेला दाब झाकून टाकतो. नंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार आजही काही ठिकाणी चालतो. तो तुमच्या शेडमध्ये होऊ देऊ नका. कारागिराकडून परीक्षेची तारीख, दाब आणि सही कागदावर घ्या.

रोजच्या कामातली एक सवय लावून घ्या. संध्याकाळी काम आटोपताना आधी सिलिंडरकडची चावी बंद करावी, पाइपमधला उरलेला गॅस शेगडीतच जळू द्यावा आणि ज्योत विझल्यावर शेगडीची चावी फिरवावी. रात्रभर लाइन रिकामी राहते. आणि कधी वास आलाच तर दिवा लावूही नये, विझवूही नये. दारे उघडून सगळ्यांनी बाहेर पडावे, बाहेरची चावी बंद करावी आणि अंगणात जाऊन १९०६ या मदत क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक शेडच्या दारावर बाहेरून मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा, कारण त्या क्षणी तो कोणालाच आठवत नाही.

संक्रांतीच्या आत हे सगळे होईल का, असे तुम्ही विचारले आहे. सिलिंडर शेडबाहेर ठेवायला जागा मिळाली तर पाइपचे काम एका-दोन दिवसांचे आहे. वेळ लागेल तो खड्ड्यांना. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून चोपावा लागेल, वर काँक्रीट घालून आठवडाभर तरी त्यावर पाणी ठेवावे लागेल, आणि तेवढे दिवस शेगड्या बंद राहतील. व्यावसायिक जोडणीच्या अर्जालाही काही दिवस द्यावे लागतील. म्हणून या आठवड्यात वितरकाकडे अर्ज द्या, आणि कोणाला बोलवायचेच असेल तर नळकामवाल्याच्या आधी गवंड्याला बोलवा.